मॉर्फिन चालू असूनही बाबांची कळ का थांबत नाही?

कळंब्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६८ वर्षांचे, तंबाखूमुळं गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, लाईट (रेडिएशन) पण देऊन झाली. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी चालू होती, मग डॉक्टरांनी डोस वाढवला. आता बाबा जास्त वेळ गुंगीत असतात, गालातला ठणका बराच कमी झालाय, पण कानशिलाकडं सण्णकन जाणारी करंटसारखी कळ तशीच्या तशी आहे. शेजारच्या काकू गुडघ्यासाठी साधी ट्रामाडॉल घेऊन मजेत महाद्वार रोडच्या बाजारात खरेदी करून येतात. मेव्हणे म्हणतात शरीराला सवय लागली, आता डोस वाढतच जाणार. आणि घरात असं ठरलंय की बाबांना मॉर्फिन हे नाव सांगायचं नाही, "ताकदीची गोळी" म्हणून द्यायची. ताईंचं म्हणणं, मेंदूत असं काय असतं की एकाला गोळी लागू पडते आणि एकाला नाही, आणि आता आम्ही करायचं काय.

मी भूलतज्ज्ञ, गेली बरीच वर्षं इथंच कोल्हापुरात वेदनेचे आणि कॅन्सरचे पेशंट बघतो. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळं डोस मी सांगणार नाही, तो त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण ताई, तुम्ही जे लिहिलंय ना, ठणका गेला आणि करंट राहिला, त्या एका वाक्यात निम्मं उत्तर आहे, तिथूनच सुरू करतो.

आधी मॉर्फिन करतं काय ते बघू. लोकांना वाटतं गोळी जाते आणि दुखऱ्या जागेवर काम करते. तसं फार थोडं होतं. मॉर्फिन मुख्यतः मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत काम करतं, तिथल्या पेशींवर त्याच्यासाठी रिसेप्टर, म्हणजे ते जिथं जाऊन बसतं अशा जागा असतात, म्यू, कप्पा आणि डेल्टा अशी तीन मुख्य नावं, त्यातला म्यू सगळ्यात महत्त्वाचा. १९७३ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी हे रिसेप्टर दाखवले, त्याच वर्षी एरिक सायमन आणि स्वीडनचे लार्स टेरेनियस यांनीही. मग साहजिकच प्रश्न आला की अफूच्या झाडाच्या रसासाठी माणसाच्या मेंदूत आधीपासून जागा कशाला तयार असेल? दोनच वर्षांत, १९७५ ला, स्कॉटलंडच्या अॅबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना एन्केफालिन सापडलं, म्हणजे मेंदू स्वतःच बनवतो ते मॉर्फिनसारखं द्रव्य. तर मॉर्फिन बाहेरून येऊन नवीन काही करत नाही, मेंदूची स्वतःची दुखणं अडवायची व्यवस्था असते तीच चालवतं. ही व्यवस्था ज्याची धड, त्याला गोळी लागू पडते, आणि जिथं दुखण्यानंच ती बिघडवलीय तिथं गोळी कमी पडते. पुढचं सगळं याच्याभोवतीच आहे.

म्यू किती महत्त्वाचा, तर १९९६ साली फ्रान्समध्ये ब्रिजिट कीफर यांच्या गटानं म्यू रिसेप्टरच नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांना मॉर्फिन दिलं. दुखणं कमी झालं नाही, चटक लागली नाही, बंद केल्यावर त्रासही झाला नाही. म्हणजे आपल्याला हवा तो परिणाम आणि नको ते परिणाम, दोन्ही एकाच रिसेप्टरकडून. श्वास मंदावणं, मळमळ, गुंगी, संडासला न होणं, सगळं मुख्यतः म्यूमुळंच, फक्त जागा वेगळ्या, कुठं मेंदूचा बुंधा, कुठं आतडं. म्हणून "साइड इफेक्ट नसलेलं मॉर्फिन द्या" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो.

आता जागा. मेंदूच्या मध्यभागी पीएजी नावाचा एक छोटा भाग आहे, तिथून खाली मेंदूच्या बुंध्यात आणि तिथून मज्जारज्जूपर्यंत एक वाट उतरते. शरीरातून वर येणारा दुखण्याचा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागात एका चेतापेशीकडून दुसरीकडं दिला जातो, आणि नेमका तिथंच वरून आलेला हुकूम त्याला अडवतो किंवा सोडतो. आपल्या राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला गेलं की आपोआप उघडतात, वर कुणाला विचारावं लागत नाही. मज्जारज्जूतलं हे दार तसं नाही, त्याला सतत वरून सूचना असतात, भीती, झोप, लक्ष, आशा सगळ्यांचा त्यात हात असतो. मॉर्फिन दोन्हीकडं काम करतं. मज्जारज्जूत ते निरोप देणाऱ्या पेशीचं कॅल्शियम आत यायचं बंद करतं म्हणजे निरोपाचं रसायन कमी सुटतं, आणि निरोप घेणाऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडून तिला सुस्त करतं. वर पीएजीत मात्र थोडी गंमत आहे, तिथं खाली जाणाऱ्या वाटेला गाबा नावाच्या रसायनाच्या पेशी दाबून धरतात, मॉर्फिन त्या पेशींनाच गप्प करतं आणि वाट मोकळी होते.

तिसरी जागा मेंदूच्या आतल्या घडीत, सिंग्युलेट म्हणतात तो भाग आणि आजूबाजूचे. दुखतंय किती याच्यापेक्षा त्या दुखण्याचा जाच किती, हे तिथं ठरतं. मॉर्फिनवरचे पेशंट म्हणतात ना, "डॉक्टर, दुखतंय अजून, पण आता ते अंगावर येत नाही", ते इथलं काम. म्हणून मी पेशंटला फक्त दहापैकी किती दुखतंय असं विचारून थांबत नाही. झोप लागली का, दोन घास जेवलात का, नातवाशी बोललात का, हे विचारतो, कारण आकडा आठचा सातच झालेला असतो पण माणूस उठून बसलेला असतो.

आता तुमच्या बाबांची करंटची कळ. ठणका म्हणजे सूज, जखम, गाठीचा दाब, याचा निरोप धडधाकट चेतातंतूंवरून येतो आणि त्याच्यावर मॉर्फिन चांगलं चालतं. करंट, आग, मुंग्या, नुसता टॉवेल लागला तरी कळ, असं असेल तर चेतातंतूच दुखावलेला असण्याची शक्यता जास्त, गाठीनं, ऑपरेशननं किंवा लाईटनं. चेतातंतूला इजा झाली की मज्जारज्जूत तीन गोष्टी होतात आणि तिन्ही मॉर्फिनच्या विरोधात जातात. पहिली, त्या तंतूंवरचे म्यू रिसेप्टरच कमी होतात, म्हणजे गोळीला बसायला जागाच कमी. दुसरी, कोलेसिस्टोकायनिन नावाचं द्रव्य वाढतं, पित्ताशयाचं हार्मोन म्हणून डॉक्टर लोक ते शिकलेले असतात पण मेंदूत आणि मज्जारज्जूत ते चक्क मॉर्फिनच्या उलट काम करतं. तिसरी आणि सगळ्यात मोठी, एनएमडीए रिसेप्टर जागे होतात. हे ग्लुटामेट नावाच्या निरोपाच्या रसायनाचे रिसेप्टर, एरवी गप्प असतात कारण त्यांच्या तोंडाशी मॅग्नेशियम अडकलेलं असतं, पण दुखण्याचा मारा थांबलाच नाही की ते मॅग्नेशियम हटतं, कॅल्शियम आत शिरतं आणि ती पेशी इतकी चिडते की साध्या स्पर्शाचा निरोपही ती दुखणं म्हणून वर पाठवायला लागते. एवढ्यावर भागत नाही, तेच एनएमडीए मॉर्फिनची सवय लागण्यातही भागीदार आहेत. १९९१ साली कीथ ट्रुहियो आणि हुदा अकिल यांनी उंदरांना मॉर्फिनसोबत एनएमडीए अडवणारं औषध दिलं तर मॉर्फिनचा असर उतरायचा थांबला. म्हणजे दुखणं वाढवणारी आणि गोळी बोथट करणारी यंत्रणा एकच निघाली.

म्हणून अशा कळेसाठी नुसतं मॉर्फिन वाढवत गेलं की तुम्ही लिहिलंय तेच होतं, गुंगी वाढते आणि कळ तिथंच. गुंगीचे रिसेप्टर शाबूत आहेत, कळ थांबवायचे कमी झालेत. अशा वेळी बाजूनं दुसरं औषध लावायचं असतं. गॅबापेन्टिन किंवा प्रिगॅबालिन, हे निरोप देणाऱ्या पेशीच्या कॅल्शियमच्या वाटेवरच काम करतं, म्यूशी याचा संबंध नाही. २००५ साली कॅनडात इयन गिलरॉन यांच्या अभ्यासात चेतातंतूच्या दुखण्याला मॉर्फिन आणि गॅबापेन्टिन एकत्र दिल्यावर प्रत्येकाचा डोस कमी लागूनही आराम जास्त मिळाला. किंवा रात्री थोडी अमिट्रिप्टिलिन, किंवा ड्युलॉक्सेटिन. याच्यानं भागलं नाही तर मेथाडोन, ते म्यूवर पण चालतं आणि एनएमडीएला पण थोडं अडवतं, मात्र ते शरीरात कुणाच्या किती वेळ राहील याचा भरवसा नसतो आणि हृदयाच्या ठोक्यावरही लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळं ज्याचा हात बसलाय त्यानंच द्यावं. केटामाइन आम्ही भूल द्यायला वापरतो, अगदी छोट्या डोसमध्ये तेही एनएमडीए अडवतं, पण ते दवाखान्यात. चेहऱ्याच्या कळेला कधी कधी सरळ नर्व्ह ब्लॉकची, म्हणजे ती नसच बधिर करायची सुई दिली की औषधांचा अर्धा पसारा कमी होतो, हेही विचारा. एक मात्र नीट ध्यानात ठेवा, गॅबापेन्टिन-प्रिगॅबालिन मॉर्फिनसोबत सुरू करताना लहान डोसपासूनच, कारण दोघांची गुंगी मिळून श्वास मंद होऊ शकतो, अमेरिकेच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएनं २०१९ मध्ये याबद्दल खास इशारा दिलाय. झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि दारू तर अजिबात नको.

शेजारच्या काकूंची तुलना सोडून द्या, कारण ट्रामाडॉल हे वेगळंच प्रकरण आहे. ट्रामाडॉल स्वतः म्यूवर फारसं चालत नाही, लिव्हरमधलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्याचं रूपांतर करतं आणि ते रूप म्यूला धरतं. हे एन्झाइम कुणात जोरात, कुणात मध्यम, कुणात जवळजवळ नाहीच, जन्मजात. कोडीन या मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाचं तर पूर्ण कामच याच्यावर, त्यातलं साधारण दहा टक्क्यांपर्यंतच मॉर्फिन होतं, ते झालं नाही तर कोडीन घेऊन उपयोग नाही, आणि फार झालं तर धोका, म्हणूनच २०१७ पासून अमेरिकेत १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रामाडॉल द्यायला मनाई आहे. मूळ ट्रामाडॉल मात्र सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन वाढवतं, आणि ही दोन रसायनं म्हणजे मगाशी सांगितलेल्या वरून उतरणाऱ्या वाटेची हत्यारं. नॉरअॅड्रेनालिन मज्जारज्जूत अल्फा-२ रिसेप्टरवर बसतं आणि म्यूला साथ देतं. टॅपेन्टाडॉल हे औषध याच विचारानं बनवलंय, थोडं म्यू, थोडं नॉरअॅड्रेनालिन, आणि त्याला सीवायपी२डी६ ची वाट बघावी लागत नाही.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडं ट्रामाडॉलचं इंजेक्शन दिलं की उलटी होईल म्हणून लगेच ओन्डान्सेट्रॉन द्यायची पद्धत आहे, सगळीकडं चालतं. आता ट्रामाडॉलच्या कामाचा एक भाग मज्जारज्जूतल्या सेरोटोनिनच्या ५-एचटी३ रिसेप्टरवरून होतो, आणि ओन्डान्सेट्रॉन नेमका तोच रिसेप्टर अडवतं! ऑपरेशननंतर दोन्ही एकत्र दिलेल्या पेशंटना ट्रामाडॉल जास्त लागल्याचं अभ्यासांत दिसलंय. तसंच डिप्रेशनसाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर ती सीवायपी२डी६ ला दाबतात, ट्रामाडॉलचं म्यूवरचं काम घटतं आणि वर सेरोटोनिन नको तितकं वाढायचा धोका. पेशंट म्हणतो गोळी लागू पडत नाही, कुणी विचारतच नाही की मानसोपचारवाल्यांची कुठली गोळी चालू आहे.

जीन टेस्टचं मधेच सांगतो, कारण लोक विचारतात. म्यू रिसेप्टरच्या जीनमध्ये ११८ व्या जागी एक बदल असतो, तो असलेल्यांना ऑपरेशननंतर मॉर्फिन थोडं जास्त लागल्याचं काही अभ्यासांत दिसलं, पण फरक इतका छोटा की त्यावरून डोस ठरवण्यात अर्थ नाही. त्या पैशात बाबांना घेऊन आणखी एकदा डॉक्टरकडं जा.

मेव्हण्यांच्या "सवय लागली" कडं येतो. सवय लागते, खोटं नाही. रिसेप्टर सतत चालू राहिला की पेशी त्याला थोडा आत ओढून घेते, थोडा बधिर करते. पण सगळ्या परिणामांना सारखी सवय लागत नाही. मळमळ आणि गुंगी बऱ्याच जणांत काही दिवसांत ओसरते, आतड्याला मात्र सवय जवळजवळ लागतच नाही, म्हणून संडासचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून, आणि नुसतं इसबगोल नको, त्यानं मळ फुगतो पण आतडं ढकलतच नाही, मग आणखी घट्ट होऊन बसतं; सेना किंवा बिसाकोडिल असं ढकलणारं काहीतरी हवं. आणि कॅन्सरमध्ये डोस वाढवावा लागला तर बहुतेक वेळा कारण आजार वाढणं असतं, सवय नंतर. क्वचित उलटंही होतं, खूप मोठ्या डोसवर अंगभर दुखायला लागतं, चादर टोचते, जितकं मॉर्फिन वाढवावं तितकं दुखणं वाढतं, तिथं डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हाच इलाज, त्यातही एनएमडीएचाच हात आहे. आणि गुंगी अचानक वाढलीय, हातपाय झटके देतायत, असं असेल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी बघा. मॉर्फिनचे लिव्हरमध्ये तयार होणारे पदार्थ किडनीवाटे जातात, बाबा तोंडाच्या त्रासामुळं पाणी कमी पीत असतील तर ते साठतात. यातलं सगळ्यात आधी हे तपासायचं, लगेच, औषध जोडण्याच्याही आधी.

सवय आणि व्यसन यात गल्लत करू नका. गोळी एकदम बंद केली तर घाम, जुलाब, तळमळ होईल, ते नियमित घेणाऱ्या कुणालाही होऊ शकतं, ते व्यसन नव्हे, त्यामुळं मेव्हण्यांनी घाबरून गोळ्या लपवल्या असं होऊ देऊ नका. गुडघा-कंबरेच्या जुनाट दुखण्याला मात्र मी स्वतः ही औषधं फारशी देत नाही, २०१८ ला अमेरिकेत एरिन क्रेब्स यांच्या वर्षभराच्या अभ्यासात अशा दुखण्याला ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची औषधं, साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत. आणि फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर जुनाट दुखण्याच्या आजारात, मेंदूतले म्यू रिसेप्टर आधीच कमी उपलब्ध असल्याचं २००७ मध्ये पेट स्कॅनवर दिसलंय, तिथं तर आणखीच निरुपयोगी. कॅन्सरचं दुखणं हा वेगळा विषय आहे.

रात्री अपरात्री कळ आली म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं आणि तिथं फोर्टविन, म्हणजे पेंटाझोसिन टोचायला काढली, तर आधी सांगा की मॉर्फिन चालू आहे. पेंटाझोसिन कप्पावर चालतं आणि म्यूवरून मॉर्फिनला हटवू शकतं, म्हणजे आराम राहिला बाजूला, मॉर्फिन अचानक बंद केल्यासारखा त्रास सुरू होतो. पॅचवर, म्हणजे कातडीला चिकटवायच्या औषधाच्या पट्टीवर असणाऱ्यांसाठी एक, फेन्टॅनिलच्या पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उन्हात बसू नका, ताप आला तर डॉक्टरांना कळवा, उष्णतेनं औषध भराभर आत जातं.

आता ती ताकदीची गोळी. तुम्हाला वाटत असेल ही घरातली बाब आहे, हिचा रिसेप्टरशी काय संबंध. १९७८ मध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या पेशंटना खोटं औषध दिलं, काहींना खरोखर आराम पडला, मग म्यूला अडवणारं नॅलोक्सोन दिलं आणि त्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे "आता बरं वाटणार" या नुसत्या भरवशानं मेंदूनं स्वतःचं मॉर्फिन सोडलं होतं. तुरीनला फाब्रित्सिओ बेनेडेट्टी यांच्या गटानं पेशंटला न कळवता मशीनमधून वेदनाशामक सोडलं, तर तेच औषध डॉक्टरनं समोर उभं राहून, सांगून दिल्यापेक्षा कमी चाललं. आणि २०११ मध्ये ऑक्सफर्डला उलरिके बिंगेल यांनी २२ निरोगी माणसांना रेमिफेन्टॅनिल या मॉर्फिनच्या जातीच्या औषधाचं सलाईन लावून पायाला चटका दिला. औषध चालू आहे म्हटल्यावर आराम दुप्पट झाला, औषध बंद केलंय म्हटल्यावर आराम जवळजवळ नाहीसाच झाला, आणि खरं तर औषध पूर्ण वेळ त्याच वेगानं चालू होतं. हे मेंदूच्या स्कॅनवरही दिसलं.

मग बघा, बाबांना आपण दुखण्यावरचं लई चांगलं औषध देतोय आणि ते दुखण्यावरचं आहे हेच त्यांना माहीत नाही. आणि पेशंटला कळत नाही असं समजू नका, घरात सगळे गोळी देताना गप्प होतात हे त्यांना दिसतंच. त्यांच्या मनात आलेला अंदाज तुम्ही सांगाल त्यापेक्षा वाईटच असतो. सांगायचं कसं, तर सरळ. "बाबा, ही मॉर्फिनची गोळी, दुखणं थांबवायला देतोय, अर्ध्या तासात फरक पडेल, चार तास राहील, परत कळ आली तर सांगा, मधली जादा गोळी पण आहे." मॉर्फिन म्हणजे शेवट असं त्यांनी विचारलं तर म्हणा, तसं नाही, लोक यावर महिनोन्‌महिने कामं करतात, नीट झोपतात. नाव सांगायला जड जात असेल तर डॉक्टरांना सांगायला लावा, पण सांगा. आणि रोजची ठरलेली गोळी वेळच्या वेळी घड्याळ बघून द्या, तिच्यासाठी कळ यायची वाट बघू नका, नाहीतर दिवसभर एनएमडीएला चिडायला मोकळं रान.

मॉर्फिन मिळत नाही म्हणून कुणी हात वर करत असेल तर एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ ला बदल झालाय, मॉर्फिन, फेन्टॅनिल, मेथाडोन धरून सहा औषधं अत्यावश्यक ठरवलीत आणि मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवता येतात. पूर्वीसारखे पाच-पाच परवाने लागत नाहीत, हे काही दवाखान्यांपर्यंत अजून पोचलेलंच नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरकडं जाताना एका पिशवीत घरातल्या बाबांच्या सगळ्या स्ट्रिप टाका, झोपेच्या, बीपीच्या, आयुर्वेदिकच्या पण. एका कागदावर लिहा, ठणका किती वेळा, करंट किती वेळा, कशानं येतो, गार पाण्यानं, चावल्यानं, दाढी करताना, आणि संडास कधी झाली. क्रिएटिनिनचा रिपोर्ट गुंगी वाढायच्या आधीचा असेल तर लगेच नवा करून न्या. आणि डॉक्टरांना हाच शब्द वापरा, "करंटची कळ", नुसतं दुखतंय म्हणू नका. श्वास मंद वाटला, हाक मारून उठेनात, तर वाट न बघता तडक सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि शेवटची गोळी किती वाजता दिली होती ते दारातच सांगा.